आधी मोजा, मग टोचा

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचा रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, एक रिपोर्ट पाठवलाय. जरा बघतोस का?" वय छत्तीस, पुण्यात आयटीत नोकरी. रिपोर्टात एकच आकडा लाल रंगात होता : टेस्टोस्टेरॉन २७१. सहा महिने सतत थकवा, चिडचिड, जिमला जाऊनही पोट जागच्या जागी. जिमच्या ट्रेनरने रिपोर्ट बघून निकालच देऊन टाकला होता, "सर, तुमचा टी लो आहे. आठवड्याला एक शॉट घ्या, तीन महिन्यांत फरक बघा." शॉट कुठून आणायचा, त्याचीही सोय त्याच्याकडेच.

मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवतो. म्हणून मी त्याला फक्त तीन प्रश्न विचारले. रक्त किती वाजता दिलंस? "दुपारी चारला. ऑफिसात कॅम्प होता, जेवण झालं होतं." त्याच्या आधी तब्येत कशी होती? "आदल्या आठवड्यात व्हायरल होता, चार दिवस पडून होतो." तिसरा प्रश्न जरा अवघड होता, तरी विचारला. तुम्ही दोघं मुलाचा विचार करताय ना? "हो, वर्ष झालं."

म्हटलं, मग काही टोचून घेऊ नकोस. आधी नीट तपास.

हे प्रश्न मला सुचले ते या एका हार्मोनचा इतिहास वाचल्यामुळे. तो इतिहास आज सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण घरात वीस ते सत्तर वयाचा एक जरी पुरुष असेल तरी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात कोंबड्यांपासून. खोंड बडवला की त्याचा बैल होतो, माज उतरतो, औताला शांत चालतो, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणजे पुरुषपणाचा संबंध वृषणाशी आहे, हे गुपित कधीच नव्हतं. प्रश्न होता, एवढासा अवयव अख्ख्या शरीरावर हुकूम चालवतो कसा? मज्जातंतूंमार्फत, की आणखी कशाने?

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्टहोल्ड या प्राध्यापकाने सहा कोंबडे घेतले. काहींची वृषणं काढून टाकली. त्यांचा तुरा सुकला, आरवणं गेलं, भांडणातला रस संपला. काहींचं वृषण मूळ जागेवरून सोडवून पोटातच भलत्या जागी राहू दिलं, दोघांना तर एकमेकांचं दिलं. हे कोंबडे मात्र आरवत राहिले, भांडत राहिले. नंतर पोट उघडून पाहिलं तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, जुन्या मज्जातंतूंशी काही संबंध उरला नव्हता. बर्टहोल्डने अनुमान काढलं की वृषण रक्तात काहीतरी सोडतं आणि ते रक्त सगळ्या शरीराला बदलतं. जेमतेम चार पानांचा निबंध. लक्ष कुणीच दिलं नाही. विकण्यासारखं त्यात काही नव्हतं ना.

चाळीस वर्षांनी मात्र गाजावाजा झाला. १ जून १८८९, पॅरिस. शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार नावाचे नामवंत शास्त्रज्ञ भर सभेत उभे राहिले. वय ७२. मॉरिशसमध्ये जन्मलेला हा माणूस साधासुधा नव्हता, मज्जारज्जूच्या एका विकाराला आजही त्यांचं नाव आहे. त्यांनी जाहीर केलं की कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि माझी ताकद परत आली. तासन्‌तास उभं राहून काम होतं, जिना पळत चढतो, हाताची पकड वाढली, लघवीची धार लांब गेली. हो, धार त्यांनी खरंच मोजली होती.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. वर्ष संपायच्या आत युरोप-अमेरिकेत कितीतरी डॉक्टर हा अर्क टोचू लागले. स्वतः ब्राउन-सेकार यांनी त्यावर पैसा केला नाही, डॉक्टरांना ते अर्क फुकट पाठवायचे. दुकानं उघडली ती इतरांनी.

गंमत म्हणजे त्या अर्कात औषध जवळपास नव्हतंच. वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करतं, पण साठवून ठेवत नाही, आणि ते पाण्यात नीट विरघळतही नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तीच कृती करून अर्क बनवला आणि मोजला. परिणाम व्हायला लागतं त्याच्या मानाने प्रमाण नगण्य निघालं. म्हणजे ७२ वर्षांच्या त्या हुशार, प्रामाणिक माणसाला जो फरक जाणवला, तो बहुधा मनाचा होता. हे लक्षात ठेवा, कारण "मला फरक पडला" हे वाक्य या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

पण न्याय म्हणून हेही सांगायला हवं की त्यांची मूळ कल्पना चुकीची नव्हती. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइड बंद पडलेल्या रुग्ण बाईला बरं केलं. तिथे ग्रंथीत औषध साठलेलं होतं, आणि रोगही डोळ्यांना दिसत होता. कमी काय आहे ते माहीत होतं, तेच भरून काढलं. उपचार यालाच म्हणतात.

यानंतर आली १९२०ची दशकं, आणि बाजार तेजीत आला. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ हे सर्जन १९२०पासून माकडांच्या वृषणाचे काप श्रीमंत म्हाताऱ्यांना बसवू लागले. व्हिएन्नात ऑयगेन श्टाइनाख यांनी सांगितलं की शुक्रवाहिनी बांधली की तारुण्य परत येतं. थोडक्यात, आज आपण ज्याला नसबंदी म्हणतो जवळपास तेच. १९२३ मध्ये खुद्द सिग्मंड फ्रॉइडने हे ऑपरेशन करून घेतलं, १९३४ मध्ये कवी येट्सने. हुशारी आणि नाव असलं की माणूस फसत नाही, असं काही नसतं.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या मिलफर्ड या खेड्यात जॉन ब्रिंकली नावाचा गृहस्थ बोकडाची वृषणं माणसांत बसवत होता. एका ऑपरेशनचे ७५० डॉलर, त्या काळात! वैद्यकीय पदवी संशयास्पद. पण त्याला एक गोष्ट इतरांच्या आधी कळली, ती म्हणजे रेडिओ. त्याने स्वतःचं केंद्र काढलं आणि रोज संध्याकाळी थकलेल्या शेतकऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागला. थकवा येतो का? पूर्वीसारखी हौस राहिली नाही का? दोष तुमचा नाही, ग्रंथींचा आहे, इकडे या. १९३० मध्ये त्याचा वैद्यकीय परवाना रद्द झाला, रेडिओचाही गेला. गड्याने त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि भरपूर मतं घेतली. पुढे मेक्सिकोच्या हद्दीत आणखी ताकदवान केंद्र उभारलं. डॉक्टरांच्या संघटनेच्या मासिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांनी त्याला भोंदू म्हटलं, म्हणून त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९३९ मध्ये तो हरला, आणि १९४२ मध्ये कफल्लक होऊन वारला. त्याच्या टेबलावर किती जण दगावले, किती जन्माचे अधू झाले, ते वेगळंच.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. माणसात कमी काय आहे हे कुणीच मोजत नव्हतं. मोजायची सोयच नव्हती. लक्षणं सांगायची, पैसे घ्यायचे आणि कापायचं.

आता प्रयोगशाळेत काय चाललं होतं ते बघा. १९२७ मध्ये शिकागोत फ्रेड कॉख आणि त्यांचा विद्यार्थी लेम्युएल मॅगी यांनी कत्तलखान्यातून वळूंची वृषणं आणून सुमारे १८ किलोंतून २० मिलिग्रॅम अर्क काढला. तो काम करतो की नाही हे कसं ठरवणार? खच्ची केलेल्या कोंबड्याला टोचायचं आणि तुरा किती वाढला ते बघायचं. बर्टहोल्डचा कोंबडा शेवटी मोजपट्टी म्हणून कामाला आला. १९३१ मध्ये जर्मनीत आडॉल्फ बुटेनांट यांनी पोलिसांची हजारो लिटर लघवी गोळा करून त्यातून एक पुरुषी हार्मोन वेगळं केलं, हाती आलं १५ मिलिग्रॅम. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकोर यांच्या गटाने वळूंच्या १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ काढला आणि त्याला नाव दिलं टेस्टोस्टेरॉन. हे लाकोर ऑर्गेनॉन या औषध कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आणि त्यांचा भागीदार मांस कारखान्याचा मालक. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांच्या गटांनी कोलेस्टेरॉलपासून ते कृत्रिमरीत्या बनवलं. दोघांना १९३९चं नोबेल जाहीर झालं. नाझी सरकारने बुटेनांटना ते घेऊ दिलं नाही.

म्हणजे आता खरं औषध हातात आलं. जन्मतः किंवा अपघाताने ज्यांची वृषणं कामच करत नव्हती, अशा तरुणांना ते दिलं तर दाढी फुटली, आवाज बदलला, ताकद आली. हा चमत्कार खरा होता, आणि आजही खराच आहे.

या इतिहासातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वर्ष पुढे येतं, आणि ते कुणाला पाठ नसतं. १९४४. कार्ल हेलर आणि गॉर्डन मायर्स या दोन अमेरिकन डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला. "पुरुषांचं वय झालं, हार्मोन कमी झालं" म्हणून जे येतात, त्यांतल्या किती जणांचं खरंच कमी असतं? तेव्हा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वाट थोडी वाकडी केली. वृषण कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जोरात आदेश सोडू लागते, ऐकू न येणाऱ्याशी आपण मोठ्याने बोलतो तसं. ते आदेश लघवीत उतरतात. लघवीचा अर्क उंदरांना देऊन ते मोजता यायचे. मोजल्यावर दोन गट पडले. एका गटात आदेश खरोखर वाढलेले होते. दुसऱ्या गटाची तक्रार तीच, थकवा, उदासी, शरीरसंबंधातली अडचण, पण आदेश नॉर्मल. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर पहिला गट सुधारला, दुसऱ्याला फायदा झाला नाही.

लक्षण सारखं, कारण वेगळं. कोण कुठला, हे फक्त मोजून कळतं. आजची सगळी तपासणी या एका विचारावर उभी आहे. हेलर आणि मायर्स यांनी हेही स्पष्ट लिहिलं होतं की ही अवस्था प्रत्येक पुरुषाला येत नाही, थोड्यांनाच येते.

पण पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, पॉल डी क्राइफ या लोकप्रिय लेखकाचं टेस्टोस्टेरॉनची भलामण करणारं पुस्तक आलं. तो स्वतः गोळ्या घ्यायचा. पुस्तक लोकांना माहीत झालं, उंदरांची चाचणी डॉक्टरांच्या कपाटात राहिली.

उलट्या बाजूनेही चूक झाली, तीही सांगतो. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की वृषणं काढली की प्रोस्टेटचा कॅन्सर मंदावतो. मोठं काम, पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्याच कामातून दुसरं एक वाक्य निघालं की टेस्टोस्टेरॉन दिलं तर कॅन्सर भडकतो. या वाक्याच्या धाकाने पुढची साठ वर्षं डॉक्टर खऱ्या रुग्णांनाही औषध द्यायला घाबरले. २००६ मध्ये अब्राहम मॉर्गेन्टालर या बॉस्टनच्या युरॉलॉजिस्टने मूळ लेख नीट वाचला तर काय? टेस्टोस्टेरॉन टोचलेल्यांपैकी दोघांचेच निकाल दिलेले, त्यातल्या एकाची वृषणं आधीच काढलेली. म्हणजे ते सार्वत्रिक वाक्य एका माणसावर उभं होतं. प्रोस्टेट कॅन्सर असलेल्याने टेस्टोस्टेरॉन बिनधास्त घ्यावं, असा याचा अर्थ नाही, काळजी आजही घेतात. पण न मोजता विकणं जेवढं वाईट, तेवढंच न तपासता घाबरवणं.

१९५०च्या दशकाच्या शेवटी रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं अगदी सूक्ष्म हार्मोन मोजायची पद्धत शोधली. यॅलोंना त्यासाठी १९७७चं नोबेल मिळालं, बर्सन तोवर गेले होते. सत्तरच्या दशकात टेस्टोस्टेरॉनही साध्या रक्तचाचणीत मोजता येऊ लागलं. आता तरी आधी मोजमाप आणि मग उपचार होईल, असं कुणालाही वाटेल.

झालं उलटंच. २००० साली अमेरिकेत टेस्टोस्टेरॉनची जेल आली. सुई नको, खांद्याला चोळायची. त्याच वर्षी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. ताकद कमी वाटते का? जेवणानंतर झोप येते का? हल्ली कामात पूर्वीइतकी चमक नाही का? पन्नाशीच्या कुठल्या माणसाला जेवणानंतर झोप येत नाही हो! ती बनवणारे डॉ. जॉन मॉर्ली यांनी पुढे एका वर्तमानपत्राला सांगितलं की ऑर्गेनॉन कंपनीच्या पैशातून हे काम झालं, आणि प्रश्न त्यांनी बाथरूममध्ये वीस मिनिटांत टॉयलेट पेपरवर लिहिले. लाकोर यांचीच ती ऑर्गेनॉन. मग 'लो टी' हा सुटसुटीत शब्द जाहिरातींत आला आणि टीव्ही तेच विचारू लागला, जे ब्रिंकली रेडिओवर विचारायचा.

अमेरिकेतल्या विमा नोंदींच्या अभ्यासानुसार चाळिशीवरच्या पुरुषांत हे औषध घेणाऱ्यांचं प्रमाण २००१ मध्ये ०.८१ टक्के होतं, ते २०११ मध्ये २.९१ टक्के झालं. दहा वर्षांत तिपटीहून जास्त. यापेक्षा बोलका आकडा पुढचा आहे. नव्याने औषध सुरू केलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांची आदल्या वर्षभरात टेस्टोस्टेरॉनची चाचणी झाल्याची नोंदच नव्हती. यॅलोंनी मोजायचं यंत्र हातात दिलं, आणि चारात एकासाठी ते वापरलंच गेलं नाही.

याच काळात शास्त्र मात्र शांतपणे काम करत होतं. २०१० मध्ये युरोपातल्या आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणांची मोठी यादी तपासली, पण कमी टेस्टोस्टेरॉनशी खात्रीने जोडलेली लक्षणं तीनच निघाली, तिन्ही लैंगिक : सकाळची ताठरता कमी होणं, इच्छा कमी होणं, संबंधांच्या वेळी ताठरता न येणं. ही तिन्ही लक्षणं आणि कमी आकडा दोन्ही असलेले पुरुष फक्त २.१ टक्के. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी बजावलं की हे औषध वृषण, पिट्युटरी किंवा मेंदूच्या आजारामुळे कमतरता असलेल्यांसाठी आहे, नुसत्या वयामुळे आकडा उतरलेल्यांसाठी मंजूर नाही. २०१६ मध्ये ६५ वर्षांवरच्या ७९० पुरुषांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. इच्छा आणि संबंधांत माफक सुधारणा, मनःस्थितीत थोडी, पण ज्यासाठी बहुतेक जण धावतात त्या थकव्यावर ठोस फायदा नाही. २०२३ मध्ये पाच हजारांवर पुरुषांची मोठी चाचणी आली. त्यात हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत, ही चांगली बातमी. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं. थोडक्यात, हे विष नाही आणि अमृतही नाही. योग्य माणसाला दिलेलं औषध आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९३०च्या दशकात मुंबईच्या वर्तमानपत्रांत 'ओकासा' या जर्मन गोळ्यांच्या मोठाल्या जाहिराती असायच्या, हार्मोनच्या नावाने शक्ती विकणाऱ्या. शेजारी देशी 'शक्तिवर्धक' गोळ्याही होत्याच. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये केंद्राने औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. लैंगिक क्षमता वाढवण्याच्या जाहिरातींवर त्यात स्पष्ट बंदी आहे. तरी एसटी स्टँडामागची भिंत आणि रेल्वेलगतचे 'गुप्तरोग' बोर्ड आपण लहानपणापासून बघतोय. आता ती भिंत मोबाइलमध्ये आली आहे. तंबूतल्या वैदूच्या जागी सिक्स पॅकवाला तरुण आहे आणि जडीबुटीच्या जागी कुपी. फरक एवढाच की जडीबुटीत बहुधा काही नसायचं, या कुपीत खरं हार्मोन असतं, आणि म्हणून ती जास्त धोक्याची. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला परवानगी नाही, तरी जिममध्ये ती कशी पोचते हे पोचवणाऱ्यांना माहीत आहे.

आता माझ्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरीला वाटतं, माल भरपूर आहे. ती वृषणाला आदेश देणं थांबवते आणि शुक्राणू बनणं थंडावतं. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने याची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. १९९० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टोचलं, त्यातल्या १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नाही. औषध थांबवल्यावर बहुतेकांत ते परत येतात, पण महिने जातात. मूल हवं म्हणून वर्षभर धडपडणाऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याला ट्रेनर "मर्दानगी वाढेल" म्हणून गर्भनिरोधक टोचायला निघाला होता.

मग नीट तपासणी म्हणजे काय? डॉक्टर जे सांगतात ते साध्या शब्दांत : रक्त सकाळी, शक्यतो दहाच्या आत, उपाशीपोटी. कारण टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं, जेवणानेही उतरतं. आजारपणात किंवा लगेच नंतर तपासू नये, तेव्हा ते तात्पुरतं खाली जातं. एक आकडा पुरत नाही, दोन वेगळ्या दिवशी कमी आला तरच कमी धरायचा. अमेरिकन युरॉलॉजिस्टांची रेषा ३००ची आहे, इतर तज्ज्ञ थोडी खाली ओढतात, आणि आकड्यासोबत लक्षणंही हवीत. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर एकूण आकडा फसवा असू शकतो, तेव्हा मोकळं टेस्टोस्टेरॉन बघतात. खरंच कमी असेल तर पुढचा प्रश्न : का? त्यासाठी एलएच आणि एफएसएच, म्हणजे पिट्युटरीचे तेच आदेश. हेलर आणि मायर्स उंदरांवर शोधायचे ते आता एका नळीभर रक्तात कळतं. आदेश जास्त तर बिघाड वृषणात. आदेश कमी तर वर, पिट्युटरीत किंवा मेंदूत, आणि तिथे कधी गाठही सापडते. औषध सुरू झालं तरी रक्त घट्ट होत नाही ना, प्रोस्टेट ठीक आहे ना, यावर लक्ष ठेवावं लागतं. आणि ज्याला मूल हवंय त्याच्यासाठी वृषणाला जागं करणारी वेगळी औषधं असतात, टेस्टोस्टेरॉन नाही.

या गोंगाटात सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं होतं? ज्यांना खरंच गरज आहे त्यांचं. क्लाइनफेल्टर नावाची एक जन्मजात अवस्था आहे. १९४२ मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं, आणि १९५९ मध्ये कळलं की अशा पुरुषांत एक एक्स गुणसूत्र जास्त असतं. साधारण सहाशे-साडेसहाशे पुरुषांत एक, म्हणजे काही दुर्मिळ नव्हे. तरी डेन्मार्कसारख्या नोंदी चोख ठेवणाऱ्या देशातही अशा पुरुषांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाचं निदान होत असल्याचं आढळलं. आपल्याकडे काय असेल, विचार करा. दाढी विरळ, मूल होत नाही, दोष सगळा बायकोच्या माथी, आणि हा माणूस लाजेने कुणाकडे जात नाही. गेलाच तर तंबूत जातो. त्याला औषधाने खरंच आयुष्य मिळू शकतं, हाडं मजबूत राहू शकतात. पण 'मर्दानगी'च्या जाहिरातींनी हा विषय इतका बदनाम केलाय की त्याची जीभच उचलत नाही. थायरॉइडची गोळी घेतो म्हणून सांगायला आपण लाजतो का?

भावाचं सांगून थांबतो. तो तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेला. तीन आठवड्यांनी दोन वेगळ्या सकाळी रक्त दिलं. ४१२ आणि ३८८. एलएच नॉर्मल. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला विचारलं, हे घोरतात का? ती म्हणाली, भिंत हलते. झोपेची तपासणी झाली, झोपेत श्वास अडकतो असं निघालं. वजन अकरा किलो जास्त. थकव्याचं मूळ तिथे होतं, उपचार त्याचे चालू आहेत. मूल अजून नाही. दोघांच्याही तपासण्या सुरू आहेत, दोघांच्याही, हे महत्त्वाचं.

परवा पुन्हा फोन आला. "दादा, ट्रेनर विचारत होता, शॉट का नाही घेतला? काय सांगू?"

म्हटलं, सांग, रिपोर्ट सकाळचा बघितला.